कोल्हापुरात बी.ए. करायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

शिवाजी विद्यापीठाची बी.ए. चांगली की वाईट, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रमाणपत्रावर नाव एकच असतं. पण भूगोल घेऊन बाहेर पडलेल्या मुलीने आणि समाजशास्त्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाने तीन वर्षांत केलेलं काम अगदी वेगळं असतं. एकाच विषयाचे दोन कॉलेजांतले वर्ग तर कधी कधी त्याहूनही वेगळे. म्हणून हे परीक्षण पदवीपेक्षा तिच्या निवडीचं जास्त आहे. कोल्हापूर शहरात कला शाखेला काय मिळतं, त्यातलं काय घेण्यासारखं आहे आणि कुठे अडकायला होतं, ते इथे विषयवार सांगितलं आहे.

बी.ए.चा निम्मा निकाल तिसऱ्या वर्षी नाही, पहिल्या वर्षाच्या अर्जावर तीन विषय लिहिले जातात तेव्हाच लागतो. आणि नेमके हेच तीन विषय प्रवेशाच्या रांगेत उभं राहून, शेजारच्याच्या अर्जात डोकावून, पाच मिनिटांत भरले जातात. ज्या घरात मोबाइल घेताना आठ दिवस चौकशी होते, त्या घरातसुद्धा.

आधी रचना समजून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त (स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या) कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न (विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या) कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर्षाला ४४. तीन वर्षांचे १३२ झाले की पदवी, चौथं वर्ष पूर्ण करून १७६ झाले की ऑनर्स. लेखी विषयाचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या पेपरला वर्गात ६० तास शिकवणं अपेक्षित आहे. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे कॉलेज पारखताना तोच कामाला येतो.

संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षी साधारणपणे तीन मुख्य विषय असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, म्हणजे ज्यात पदवी मिळते तो विषय, एक मायनर, म्हणजे जोडविषय, आणि तिसरा सुटतो. गोम इथे आहे. पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून मागता येत नाही. 'आत्ता काहीतरी टाकू, पुढं बघू' म्हणणारी मुलं इथेच अडकतात. दुसरी अडचण कॉलेजच्या बाजूची. माहितीपुस्तिकेत आठ-दहा विषय छापलेले असतात, पण मुलं पुरेशी नसतील तर मेजरची तुकडी चालवली जात नाही आणि तुम्हाला गर्दीच्या विषयाकडे वळवलं जातं. म्हणून 'हा विषय आहे का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'आहे' असंच मिळतं. 'गेल्या वर्षी या विषयाचं तिसरं वर्ष चालू होतं का, वर्गात किती मुलं होती?' असं विचारा.

मेजर-मायनरभोवती ओई, ओजेटी, एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी आद्याक्षरांची रांग असते. त्यातल्या दोनांकडे नीट लक्ष द्या. ओई म्हणजे खुला वैकल्पिक विषय, आणि तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हिशेब लिहायला, प्राथमिक संख्याशास्त्र किंवा संगणकावरची आकडेवारी शिकायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. पण जे कॉलेज फक्त कला शाखेचं आहे, तिथे ओईची यादी तोकडी असते. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा एका आवारात असलेलं कॉलेज या एका बाबतीत सरस ठरतं. दुसरं म्हणजे ओजेटी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रत्यक्ष कामात १ क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणून ४ क्रेडिटचा ओजेटी म्हणजे १२० तास. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणला तर क्रेडिट मिळतात, पण हातात काही राहत नाही. ग्रामपंचायत, संग्रहालय, वर्तमानपत्राची कचेरी, सहकारी संस्था, सर्वेक्षण करणारी एजन्सी यांपैकी कुठे ना कुठे ते १२० तास खरोखर घालवायला हवेत.

भूगोल: प्रयोगशाळा बघितल्याशिवाय घेऊ नका

कला शाखेत हाताला कसब देणारा विषय शोधत असाल तर आमच्या मते भूगोल पहिला. पण तो प्रयोगशाळेवर उभा आहे. प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि कपाट उघडून दाखवायला सांगा. आत भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे हवेत, टोपोशीट म्हणतात ते. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि समोच्चरेषांमधलं अंतर २० मीटर. सोबत प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, डंपी लेव्हल असावी आणि किमान काही संगणकांवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर टाकलेलं असावं. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे 'बजेट नाही' हे कारण चालत नाही.

पन्हाळ्याचा भाग असलेला नकाशा पुढ्यात घेतला की हा विषय काय आहे ते कळतं. गडाच्या कडेला तपकिरी रेषा एकमेकींना चिकटतात, तिथे कडा. माथ्यावर विरळ होतात, तिथे पठार. पूर्वेला पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन त्या जवळपास दिसेनाशा होतात, तिथे महापुराचं पाणी पसरतं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी प्रत्येक कोल्हापूरकराला तोंडपाठ आहे. पण पाणी ४३ फुटांवर गेलं की नेमक्या कोणत्या गल्ल्या ओल्या होतात, हे नकाशावर काढून दाखवणं म्हणजे भूगोल. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर या कामाचं महत्त्व कोणाला पटवून द्यायची गरज उरलेली नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला इतका हाताशी असलेला आणि इतका गरजेचा विषय दुसऱ्या शहराला क्वचितच मिळेल.

विषयाची मर्यादाही सांगायला हवी. भूमी अभिलेखच्या भूकरमापक पदाकडे डोळे लावून भूगोल घेऊ नका. त्या पदाला सिव्हिलची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड लागतो, भूगोलाची बी.ए. चालत नाही. जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या खासगी कामात मात्र क्यूजीआयएसवर स्वतः केलेले चार-पाच नकाशे दाखवता आले तर गुणपत्रिकेइतकंच त्यांना वजन असतं.

इतिहास: इथे घेतला तर मोडीसकट घ्या

कोल्हापुरात इतिहास शिकण्याचा फायदा पुस्तकांत नाही, कागदांत आहे. संस्थानाचे दप्तर शहरातल्या पुराभिलेखागारात आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा जाहीरनामा, १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा हे अभ्यासक्रमात दोन ओळींत येतात. तो काळ ज्या कागदांतून कळतो, ते कागद याच शहरात आहेत.

पण त्यातले बरेचसे मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर इतिहासाची पदवी असूनही आपल्याच जिल्ह्याचा इतिहास दुसऱ्याने लिप्यंतर करून देईपर्यंत थांबावं लागतं. मोडीत शिरोरेघ आधीच ओढलेली असते आणि तिच्याखाली अक्षरं सलग जातात. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवलं जात नाही, त्यामुळे 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरून ठरवावं लागतं. रोज तासभर दिला तर अक्षरओळख काही आठवड्यांत होते. घसरत्या हातचं पत्र सरळ वाचायला मात्र वर्षभराचा सराव लागतो. मग कालगणना: शकात ७८ मिळवले, फसलीत ५९० मिळवले, सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि महिन्यानुसार एक वर्ष मागेपुढे होतं. नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक त्या एका वर्षातच होते.

मोडी ही हौस राहिलेली नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची वानवा जाणवली. जमिनीचे जुने दाखले, इनामाचे कागद, वाटणीपत्रं यांच्या लिप्यंतराचं काम कायम असतं. इतिहास मेजर असेल तर दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मोडीचा वर्ग करून टाका. तो न करता घेतलेल्या इतिहासाला आम्ही निम्मेच गुण देऊ.

अर्थशास्त्र, आणि गणिताची भीती

अर्थशास्त्र घेणाऱ्या बहुतेक मुलांनी दहावी-बारावीत गणिताशी काडीमोड घेतलेला असतो. बी.ए.ला त्यामुळे फारसं अडत नाही, आणि तोच धोका आहे. खरी अडचण एम.ए.च्या उंबरठ्यावर येते. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटला किंवा दिल्लीच्या बाजूला जायचं असेल तर कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि रिग्रेशन यायला हवं. भारतीय आर्थिक सेवेला तर अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, बी.ए.वर अर्जच करता येत नाही. यावर उपाय म्हणजे पहिल्या सेमिस्टरपासून ओईमध्ये संख्याशास्त्र घ्यायचं आणि अकरावी-बारावीचं विज्ञान शाखेचं गणिताचं पुस्तक सावकाश, दोन वर्षांत, स्वतः सोडवायचं.

बाकी या विषयाला कोल्हापूरसारखं गाव नाही. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तिथे जाऊन उभं राहिलं की मागणी-पुरवठ्याची आकृती रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या रांगांमध्ये दिसते: प्रत, रंग, आवक, त्या दिवशीचा दर. उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) कशी ठरते, कारखाना ती हप्त्यांत का देतो, दूध संघ फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर कसा काढतो, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर कारागिराच्या हातात काय पडलं, हे सगळे प्रकल्पाचे विषय आहेत. वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवून केलेल्या प्रकल्पापेक्षा वीस शेतकऱ्यांच्या ऊसबिलांचा तक्ता केव्हाही मोलाचा.

राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि 'सोपा विषय'

हे दोन विषय सर्वाधिक घेतले जातात आणि सर्वाधिक गैरसमजातून घेतले जातात. 'स्पर्धा परीक्षेला उपयोगी' आणि 'सोपं जातं' ही दोन कारणं सगळीकडे ऐकू येतात. पहिल्यात तथ्य आहे, दुसऱ्यात नाही.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण १,७५०, त्यात निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००. मुलाखत २७५. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते. याचा अर्थ पर्याय रंगवण्याचे दिवस गेले. तीन वर्षं ज्याने विषय मुळापासून वाचला आणि उत्तरं लिहिली, त्याला ते ५०० गुण घरचे वाटतात. ज्याने परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड वाचून बी.ए. काढली, त्याला तोच विषय अभ्यासिकेत बसून पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. शहरातल्या कितीतरी अभ्यासिकांमध्ये पदवीनंतर दोन-दोन वर्षं हेच चाललेलं असतं. ते बघून वाईट वाटतं, कारण तीच पुस्तकं तीन वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पडून होती.

राज्यशास्त्राला पुढे कायद्याची वाट आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी आणि पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात. शहरात शहाजी लॉ कॉलेजसारखं जुनं कॉलेज आहे. समाजशास्त्रापुढे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, त्यासाठी सायबर या संस्थेचा पर्याय गावातच आहे. समाजशास्त्र घेतलं तर संशोधन पद्धतीचा पेपर कोण शिकवतं ते आधी विचारा. प्रश्नावली बनवणं, नमुना निवडणं, मुलाखत घेऊन ती जशीच्या तशी उतरवून काढणं, यातलं काही प्रत्यक्ष करून घेतलं जात नसेल तर उरतात फक्त व्याख्या.

मानसशास्त्राबद्दल इशारा

मानसशास्त्राकडे ओढा वाढला आहे आणि विषय सुंदर आहे. पण बी.ए. मानसशास्त्र करून समुपदेशनाचा फलक लावता येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला पदव्युत्तर पातळीवरचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे बारावीनंतर सहा-सात वर्षांची तयारी आणि त्या काळाचा खर्च आधीच मनात धरायला हवा. शिवाय हा विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. कोणी घरबसल्या मानसशास्त्राची पदवी देऊ करत असेल तर पैसे भरू नका. कॉलेज निवडताना चाचण्यांचे संच आणि प्रात्यक्षिकाची खोली बघा. बॅचमध्ये किती मुलं आहेत तेही विचारा. चाळीस जणांत एकच संच फिरत असेल तर चाचणी घ्यायला कोणीच शिकत नाही.

भाषा

मराठी मेजर घेणाऱ्याला घरात 'मराठी काय शिकायचं?' असं ऐकावं लागतं. शिकण्यासारखं पुष्कळ आहे: भाषाविज्ञान, व्याकरण, संहितेचं संपादन, अनुवाद. यूपीएससी आणि एमपीएससी दोन्हीकडे मराठी साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. मात्र पदवीसोबत युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन आलंच पाहिजे. लिपिक-टंकलेखक पदांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं सरकारी प्रमाणपत्र मागतात, आणि ते नसल्याने पहिल्या वर्गात पास झालेले उमेदवार अर्जाच्या पायरीवरच गळतात. पदवीच्या पहिल्याच वर्षी टायपिंगच्या क्लासला जा, सहा महिन्यांचं काम आहे.

हिंदीची एक जोडी फार थोड्यांना माहीत असते. बँकांच्या राजभाषा अधिकारी पदासाठी एम.ए. हिंदी लागतं, पण त्यासोबत पदवीला इंग्रजी हा विषय असावा लागतो. हिंदी मेजर, इंग्रजी मायनर घेतली तर ही वाट उघडी राहते. इंग्रजी सोडली तर एम.ए. करूनही बंद.

इंग्रजी मेजर म्हणजे इंग्रजी बोलायचा क्लास नव्हे. तिथे नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा आहे. वाचनाची सवय नसेल तर पहिल्या सेमिस्टरलाच दमछाक होते. वाचणाऱ्याला मात्र हा विषय अनुवाद, अध्यापन, माध्यमं अशा तिन्ही बाजूंना नेतो. जोडीला विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन, जर्मन किंवा जपानीचा प्रमाणपत्र वर्ग करता आला तर सोन्याहून पिवळं.

शिक्षक व्हायचं असेल तर

बी.एड.ला खुल्या गटात पदवीला ५० टक्के लागतात, शिवाय सीईटी. पण गुणांपेक्षा विषय जास्त नडतो. माध्यमिक शाळेत शिकवले जातात ते मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असे विषय. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र मेजर असेल आणि मायनरही शालेय विषय नसेल, तर अध्यापन पद्धती कोणती घ्यायची आणि पुढे जागा कोणत्या विषयाची धरायची, असा पेच पडतो. शाळेकडे जायचं असेल तर मेजर आणि मायनर दोन्ही शालेय विषय ठेवा. वरिष्ठ महाविद्यालयात जायचं तर एम.ए. ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. तिथल्या जागांची अवस्था बिकट आहे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काम करणारे पात्रताधारक या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. प्राध्यापकी हा एकमेव बेत ठेवून बी.ए.ला येऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॉलेज कसं पारखायचं

१८८० चं राजाराम कॉलेज सरकारी आहे आणि विद्यापीठाच्या शेजारीच आहे. विवेकानंद स्वायत्त आहे. राजारामपुरीतलं कमला मुलींचं. दसरा चौकातलं शहाजी छत्रपती महाविद्यालय एसटीने येणाऱ्यांना सोयीचं. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी नाइट कॉलेज आहे, आणि ही सोय फार मोलाची आहे. नावांवरून क्रम लावण्यात अर्थ नाही. एकाच कॉलेजात एक विभाग भरलेला आणि दुसरा ओस असू शकतो. विभाग पारखा.

सत्र सुरू असताना, कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास जा. वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढा आणि हव्या त्या विषयाचे आठवड्याचे तास मोजा. ४ क्रेडिटच्या पेपरला ६० तास व्हायचे तर पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास हवेत. फलकावर दोनच दिसले तर बाकीचे दोन कुठे गेले ते विचारा. विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचारा. तासिकेवरचे शिक्षक पुष्कळदा मनापासून शिकवतात, पण त्यांची नेमणूक सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर होते, आणि तेवढे तास बुडतात.

ग्रंथालयात गेल्यावर पुस्तकांची संख्या विचारू नका. आपल्या विषयाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेल्या संदर्भ यादीतली पाच पुस्तकं मागा. तीन मिळाली तर चांगलं ग्रंथालय. एन-लिस्टचं लॉगिन विद्यार्थ्यांना देतात का ते विचारा. त्यावर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं आहेत, आणि बरीच मुलं पदवी संपेपर्यंत ते नावही ऐकत नाहीत. विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राची स्वयंअध्ययन पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. बाजारातल्या गाइडपेक्षा ती कितीतरी बरी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, त्याचं सभासदत्व घेऊन ठेवा.

स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो, ताजा असण्याची शक्यता जास्त. पण मध्येच कॉलेज बदलायचं झालं तर पेपर जुळवताना क्रेडिटची ओढाताण होते. लग्न, बदली, वडिलांची नोकरी अशा कारणाने गाव बदलण्याची शक्यता असेल तर संलग्न कॉलेज सोपं.

पैसा आणि कागद

अनुदानित तुकडीची फी काही हजारांत आटोपते. विनाअनुदानित तुकडीची जास्त असते. दोन्ही एकाच कॉलेजात असू शकतात, म्हणून आपला प्रवेश कोणत्या तुकडीत आहे ते पावतीवर बघा. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहं ही कोल्हापूरची खरी पुण्याई. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीच्या मुलांनी खोली शोधण्याआधी तिथे अर्ज करावा. रोज ये-जा करणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. कला शाखेचे वर्ग पुष्कळ ठिकाणी सकाळी लवकर भरतात, त्यामुळे गावाकडची पहिली गाडी किती वाजता पोहोचते ते तपासूनच कॉलेज ठरवा. पहिला तास रोज बुडणार असेल तर त्या कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, उपयोग नाही.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकण्याची कारणं तीच ती असतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. आधार, बारावीची गुणपत्रिका आणि बँक खातं यांत नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असतं. खातं आधारशी जोडलेलं असतं, पण एनपीसीआयमध्ये (आधारवरचे पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत) त्याची नोंद झालेली नसते, आणि पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात. हे तिन्ही एप्रिल-मेमध्येच दुरुस्त करून घ्या, जुलैमध्ये तहसील आणि सेतूत रांगा लागतात. सीबीएसईची मुलं मायग्रेशन सर्टिफिकेट विसरतात. ते नसेल तर विद्यापीठाची पात्रता अडते.

चौथं वर्ष घ्यावं का?

एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. अगदीच नाइलाज असेल तरच ही वाट धरा. बहुतेक जाहिराती पदवी मागतात, पदविका नाही. क्रेडिट एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा राहतात, म्हणून बाहेर पडताना ते खात्यात दिसतात ना, याची खात्री करून घ्या.

तीन वर्षांनंतर बी.एड., एलएल.बी. किंवा भरतीकडे जायचं असेल तर चौथ्या वर्षाची गरज नाही, तीन वर्षांची पदवी पुरते. चौथं वर्ष त्यांच्यासाठी आहे ज्यांना संशोधनाकडे जायचं आहे. संशोधनासह ऑनर्स घ्यायला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर थेट पीएच.डी.साठी पात्र ठरता येतं आणि एम.ए. एका वर्षात होतं. पण संशोधनासह ऑनर्सच्या चौथ्या वर्षात प्रबंधिका लिहावी लागते आणि तिला मार्गदर्शक लागतो. तुमच्या कॉलेजात मान्यताप्राप्त मार्गदर्शक नसेल तर तिथेच चौथं वर्ष काढण्यापेक्षा विद्यापीठाच्या अधिविभागात दोन वर्षांच्या एम.ए.ला जाणं चांगलं: बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय शेजारी, आणि आपल्या विषयावर लिहिणारी माणसं त्याच इमारतीत. बाहेर जायचं असेल तर सीयूईटी पीजीचे, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ऐन मध्यात. पदवीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू केली की ते वर्ष हातचं गेलेलं असतं.